वायपर न काढलेली गाडी

रोझविथा किर्स्टेन पूर्व जर्मनीतल्या फ्रायबर्गच्या नाट्यगृहात प्रॉम्प्टर होती, विसरलेल्या नटाला हळूच शब्द पुरवणारी. तिकडच्या जुन्या नाट्यगृहांत रंगमंचाच्या अगदी पुढच्या कडेला, जमिनीत, कुत्र्याच्या घराएवढं एक खोकं असतं. त्याची पाठ प्रेक्षकांकडे. ऐन तारुण्यात ती त्या खोक्यात शिरली आणि केस पांढरे झाले तरी तिथंच होती. गावानं तिला कधी पाहिलं नाही, पण गावातले सगळे राजे, सेनापती आणि फसवलेल्या बायका तिच्या ओठांकडे बघत बघत मेल्या.

लोकांना वाटतं हे काम वाचण्याचं आहे. वाचता कुणालाही येतं. खरं काम असतं गप्प राहण्याचं. नट बोलता बोलता थांबला की तो भूमिकेत थांबलाय की पुढचं विसरलाय, हे पापणी लवायच्या आत ओळखायचं. रोझविथा ते श्वासावरून ओळखायची. मुद्दाम थांबलेल्याचा श्वास खाली पोटात असतो. विसरलेल्याचा वर चढून गळ्याशी अडकतो. थांबलेल्याच्या तोंडात शब्द कोंबला तर तो आठवडाभर बोलत नाही. विसरलेल्याला दिला नाही तर तो जन्मभर विसरत नाही.

नवरा लवकर गेला. घरात म्हातारी आई होती, फ्रीडा. तिची डावी बाजू लुळी पडलेली. तिला सकाळी उठवणं, कुशीवर वळवणं, भरवणं सगळं रोझविथाच करायची. मुलगा हेनिंग गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायचा. तो चिनी मातीच्या कारखान्यात भट्ट्या सांभाळायचा, सून कारोला दातांच्या दवाखान्यात होती. त्यांची मुलगी मारित यंदा शाळेत जायला लागली होती. दर गुरुवारी मारित आजीबरोबर तालमीला यायची, खोक्यात तिच्या मांडीवर बसायची आणि नट चुकला की आजीआधी कुजबुजायची.

हे एकोणनव्वद सालचं. त्या उन्हाळ्यात पूर्व जर्मनीतून माणसं गळायला लागली होती. हंगेरीच्या बाजूनं कुंपण उघडलं आणि जो तो तिकडून पश्चिमेला गेला. कारखान्यात सकाळी कुणाचं तरी टेबल रिकामं दिसायचं. कुणी विचारायचं नाही, नुसता एक जण उठून त्याच्या कुंडीला पाणी घालायचा. मग हंगेरीचा परवाना मिळेनासा झाला. साध्या ओळखपत्रावर जाता येईल अशी एकच जागा उरली, प्राग. आणि प्रागमध्ये पश्चिम जर्मनीची वकिलात होती. तिच्या मागच्या बागेचं कुंपण चढून जो आत उतरला तो पश्चिमेत पोचला, असं लोक एकमेकांना दबक्या आवाजात सांगत. बागेत तंबू पडलेत, चिखल झालाय, माणसं पायऱ्यांवर झोपतात, असंही सांगत.

सप्टेंबरच्या शेवटी हेनिंग म्हणाला, आई, शनिवार-रविवार प्रागला जाऊ या सगळे. मारितनं ते मोठं घड्याळ पाहिलेलं नाही.

रोझविथाला आश्चर्य वाटलं नाही. वर्षातून एकदा मारितला तिच्याकडे ठेवून ते दोघं प्रागला जातच. झिझकोव्ह भागात व्लास्ता नावाच्या एका विधवा बाईंकडे त्यांची ठरलेली खोली होती. तिला मात्र आजवर कधी बोलावलं नव्हतं. शेजारच्या ग्लेझर बाई म्हणाल्या, जा तू, फ्रीडाला मी बघते, रविवार संध्याकाळपर्यंत अगदी. त्यानंतर माझीच कंबर धरते. रोझविथानं रात्री बटाट्याचं सॅलड केलं, अंडी उकडली, केक कापून डब्यात भरला. तरुण मुलीसारखी खूश होती ती. मुलाला आपली आठवण झाली, एवढंच तिला पुरे होतं.

सरहद्दीवर रांग होती. पोलीस प्रत्येक गाडीत वाकून बघत होते. पुढच्या गाडीत तरुण नवरा-बायको आणि मागच्या सीटवर बॅगा; ती गाडी बाजूला घ्यायला लावली. मग किर्स्टेन मंडळींची पाळी आली. पोलिसानं मागं पाहिलं तर एक आजी, मांडीवर सॅलडचं भलं मोठं भांडं, खांद्यावर डोकं टाकून झोपलेली नात.

"काय आजी, सगळं एकट्याच खाणार?" तो म्हणाला.

"तुमच्या कॅन्टीनमध्ये याहून वाईट मिळत असेल तर घ्या थोडं," रोझविथा म्हणाली.

तो हसला आणि त्यानं हात हलवून गाडी सोडली. हेनिंगनं गिअर टाकला. त्या क्षणी रोझविथाला मुलाचा श्वास ऐकू आला, गळ्याशी अडकलेला. पोलिसाला कोण घाबरत नाही, असं तिनं स्वतःला समजावलं.

प्रागला पोचले तेव्हा ऊन पडलं होतं. नदीपासून थोडं वर, एका उताराच्या गल्लीत हेनिंगनं गाडी लावली. सगळे उतरले, सामान काढलं, दारं लावली. हेनिंगनं पिशवी खांद्याला अडकवली आणि चालायला लागला.

रोझविथा दोन पावलं गेली आणि थांबली.

गाडीच्या काचेवर वायपर तसेच होते.

ज्यानं त्या काळात ती गाडी चालवली नाही त्याला यात काय वाटणार. पण तिकडे गाडी मिळायला माणसाचं अर्धं तारुण्य जायचं आणि वायपर तर मिळायचेच नाहीत. म्हणून गाडी उभी केली की पहिलं काम वायपर उपसून खिशात घालणं. प्रागमध्ये तर हमखास, कारण तिथंही ते मिळत नसत आणि रात्रीतून जात. हेनिंग दूध आणायला उतरला तरी वायपर काढायचा. लग्नाच्या दिवशी नगरपालिकेच्या पायऱ्या चढताना त्याच्या कोटाच्या आतल्या खिशातून त्यांची टोकं बाहेर आलेली होती, आणि कारोलाची आई रडायचं सोडून हसत सुटली होती.

आणि आज त्यानं गाडीकडे मागं वळून पाहिलंसुद्धा नाही. या माणसाला आता ही गाडी नको होती.

"आई, चल ना," हेनिंग पुढून म्हणाला.

ती चालायला लागली. पाय चालत होते, एवढंच. आणि मग दिवसभर तिनं ते नाटक पाहिलं, आपल्या पोटच्या मुलानं आणि सुनेनं केलेलं, सहलीचं. पुलावर दगडी संतांच्या रांगेतून जाताना हेनिंग एकेकाचं नाव सांगत होता, आणि नाव सांगून झालं की त्याची नजर पलीकडच्या तीरावर, हिरव्या टेकडीकडे जात होती. ज्या संताला पुलावरून नदीत ढकललं त्याच्या पितळी पाटीला हात लावला की माणूस प्रागला परत येतो म्हणतात. मारितनं टाचा उंचावून हात लावला, रोझविथानं लावला. कारोलानं हात खिशातच ठेवला. मोठ्या चौकात घड्याळासमोर गर्दी उभी होती. तास झाला, घड्याळावरच्या सांगाड्यानं दोरी ओढली, वरच्या खिडक्यांतून येशूचे लाकडी शिष्य एकामागून एक पुढं आले आणि गेले. मारित टाळ्या पिटत होती. कारोलानं तिचा फोटो काढला, मग आजीबरोबर काढला, मग आणखी एक काढला, मग म्हणाली अजून एक, अहो आई, इकडे बघा. एवढ्या फिल्मची उधळपट्टी कारोला कधी करायची नाही. रोझविथानं कॅमेऱ्याकडे पाहिलं. तो फोटो पुढे तिच्या हाती आला. त्यात तिचा चेहरा असा आहे, की समोरचा नट विसरलाय हे तिला कळलंय आणि शब्द मात्र तिच्याकडे नाही.

जेवायला बसले तेव्हा हेनिंगनं सगळ्यांसाठी मांस आणि उकडलेल्या पिठाच्या चकत्या मागवल्या, बिअर मागवली. खूप बोलत होता. लहानपणी आपण चोरून कसं बर्फावर गेलो, आजोबांनी कसा कान पिळला. रोझविथा ऐकत होती. मूल जन्माला आल्यापासून तिनं त्याचा श्वास ऐकला होता. गोवराच्या तापात ऐकला होता, बापाच्या मयतीत ऐकला होता. आज प्रत्येक वाक्यानंतर तो वर चढत होता.

तिच्या डोक्यात एकच चाललं होतं. मारित. ही दोघं मोठी आहेत, जातील. पण पोरीला विचारलंय का कुणी? दारापाशी दोन पोलीस बिअर पीत बसले होते. त्यांच्या कानात एक शब्द टाकला की झालं. मुलाला आणि सुनेला घेऊन जातील, आणि मारित? मारित आजीकडे येईल. दर गुरुवारी काय, रोज येईल. हा विचार तिच्या मनात आला आणि तिनं तो लगेच हाकलला नाही. तो थोडा वेळ तिच्या शेजारी बसला, बिअरचा घोट घेऊन गेला. ती चांगली बाई होती. चांगल्या बाईच्या मनातही असले पाहुणे येतात.

संध्याकाळी व्लास्ता बाईंच्या खोलीत मारित झोपल्यावर तिनं दार लोटून घेतलं.

"वायपर काढले नाहीस," ती म्हणाली.

हेनिंग खिडकीशी उभा होता. "राहिलं."

"हेनिंग."

"राहिलं गं आई. एवढं काय त्यात."

"कधी जायचंय?"

त्यानं पडदा ओढून घेतला. शेवटी कारोलानंच सांगितलं, उद्या सकाळी. देवळांच्या घंटा वाजायला लागल्या की पहारा ढिला असतो, असं कुणीतरी सांगितलंय. टेकडीच्या बाजूनं, मागच्या कुंपणावरून.

"आणि मला कशाला आणलंत?"

"तुझ्याबरोबर दोन दिवस मिळावेत म्हणून," हेनिंग म्हणाला. "आणखी कशाला? शेवटचे..." आणि तो परत खिडकीकडे वळला.

रोझविथा थांबली. तिला माहीत होतं की हे वाक्य खोटं नाही, आणि पुरतंही नाही. उरलेलं ती कारोलाच्या तोंडून यायची वाट बघत होती. सासू-सुनेचं कधी फारसं जमलं नव्हतं. कारोला फटकळ, रोझविथा मनात ठेवणारी. पण त्या रात्री खोलीत खरं बोलणारी कारोलाच एक होती.

"अहो आई," कारोला म्हणाली, "नुसते आम्ही तिघं असतो तर सरहद्दीवरून परत पाठवलं असतं. म्हातारं माणूस आणि सॅलडचं भांडं असलं की कुणी बॅग उघडत नाही. मीच म्हटलं ह्यांना, आईंना घेऊ या. ह्यांना नको होतं. ह्यांच्यावर राग धरू नका."

नेपथ्य. नाटकात मागं एक खोटा वृक्ष उभा करतात, म्हणजे जंगल खरं वाटतं. तेवढंच आपलं काम होतं, आणि आपण सॅलडवर विनोद केला. रोझविथा पलंगाच्या कडेवर बसली. भिंतीपलीकडे व्लास्ता बाईंचा रेडिओ चालू होता.

"तुम्हीही चला," कारोला म्हणाली. "खरंच. आत पुरुष आहेत, वर ओढून घेतात."

हेनिंगला घरी पडून असलेली आजी माहीत होती.

"आणि माझ्या आईला कोण वळवणार? ग्लेझर बाई उद्या संध्याकाळपर्यंतच आहेत." रोझविथाचा आवाज अगदी साधा होता, भाजीबद्दल बोलावं तसा. "मला आधी का नाही सांगितलंत?"

"उद्या पोलीस तुला बोलावून विचारतील," हेनिंग म्हणाला. "तुला माहीतच नसलं की तुला खोटं बोलावं लागणार नाही. तुला कुठं जमतं खोटं बोलायला?"

तेवढ्यावर तिला हसू आलं. आयुष्यभर दुसऱ्यांना खोटं बोलायला शब्द पुरवले, आणि मुलगा म्हणतो तुला जमत नाही.

"पोरीला काय सांगितलंय?"

"किल्ला बघायला जातोय म्हणून."

मग ती उठली आणि मारितच्या शेजारी जाऊन आडवी झाली. झोप लागली नाही. पोरीच्या केसांना अजून केकचा वास येत होता.

सकाळी घंटा वाजत होत्या. ते टेकडीच्या पायवाटेनं, फिरायला निघालेल्या कुटुंबासारखे, झाडांखालून उतरले. हेनिंगच्या हातात एक पिशवी. खाली वकिलातीच्या मोठ्या वाड्याची मागची बाजू दिसत होती, आणि बाग. बाग म्हणजे तंबू, चिखल आणि माणसं. उंच लोखंडी कुंपणापलीकडून दोन-तीन पुरुष त्यांच्याकडे बघत होते. एकानं हळूच हात वर केला.

वळणावरून एक पोलीस येत होता. पोरसवदा होता. त्यानं चेकमध्ये काहीतरी विचारलं, मग मोडक्या जर्मनमध्ये, कुठं जाता. हेनिंगचं तोंड उघडलं आणि तसंच राहिलं. त्याच्याकडे शब्द नव्हता. रोझविथाला कळलं, आणि यावेळी विचार करायला वेळ नव्हता.

"किल्ल्याकडे," ती त्याच्या खांद्यामागून म्हणाली, रागावलेल्या आजीच्या आवाजात. "यानं वाट चुकवली. बापासारखाच आहे, नकाशा उलटा धरतो. कुठून जायचं हो?"

पोलिसानं वर बोट दाखवलं. तिनं त्याला आणखी विचारलं, पायऱ्या किती आहेत, गुडघ्यांना झेपेल का, वाटेत बसायला बाक आहे का. तो सांगत गेला, तिच्याबरोबर चार पावलं वरपर्यंत चालत आला. तिच्या पाठीमागं कुंपणाचं लोखंड वाजलं. पोलिसानं ऐकलं. त्यानं तिच्याकडे पाहिलं, खाली पाहिलं, टोपी सारखी केली आणि वळणाकडे निघून गेला. त्यालाही कुठं घरी कुणीतरी आजी असेल.

ती परतली तेव्हा हेनिंग कुंपणावर होता, कारोला पलीकडे उतरली होती. मारित मात्र खालीच. दोन्ही हातांनी तिनं गज घट्ट धरला होता आणि मान हलवत होती. रडत नव्हती अजून. रडण्याच्या आधीचा तो श्वास चालू होता, आणि तो एकदा सुटला असता तर सगळी टेकडी जागी झाली असती.

"आजी येत नाही तर मी पण नाही," ती म्हणाली.

हेनिंगनं वरून आईकडे पाहिलं. कारोलानं गजांतून पाहिलं. आता तो शब्द रोझविथाच्याच हाती होता. तिनं नुसतं गप्प राहायचं होतं, आणि पोर तिची झाली असती. गप्प राहण्यातच तर तिचा जन्म गेला होता.

ती मारितसमोर उकिडवी बसली.

"अगं वेडे," ती म्हणाली, "आजीला कुंपण चढता येतं का? म्हाताऱ्यांना पुढच्या दारानं सोडतात. तू इकडून जा, मी वळसा घालून पुढच्या दारानं येते. बघू कोण आधी पोचतं."

"नक्की?"

"नक्की."

"शपथ?"

"शपथ," रोझविथा म्हणाली, आणि तिचा श्वास पोटात होता, खाली, अगदी स्थिर.

मारितनं गज सोडला. हेनिंगनं तिला वर घेतलं, पलीकडच्या हातांनी खाली घेतलं. पोरगी चिखलात उतरली आणि मागं न बघता वाड्याच्या बाजूनं पळत सुटली, पैज जिंकायला.

हेनिंग अजून वर होता. त्याला काही म्हणायचं होतं. रोझविथानं हातानं त्याला खूण केली, जा.

ती रेल्वेनं घरी आली. सरहद्दीवर पोलिसानं विचारलं, एकट्याच? मुलगा मागून गाडीनं येतोय, ती म्हणाली. ग्लेझर बाई दारात कंबर धरून उभ्या होत्या. फ्रीडानं विचारलं, घड्याळ पाहिलं का पोरीनं. पाहिलं, ती म्हणाली, आणि तिला कुशीवर वळवलं.

मग बोलावणं आलं. गुप्त पोलिसांचे दोन साहेब होते, सभ्य बोलत होते. तुम्हाला माहीत होतं का? नव्हतं. खोलीत काय बोलणं झालं? बर्फाचं, आजोबांचं. नाट्यगृहातून तिला तूर्तास घरी राहायला सांगितलं. आठवड्यानं रेडिओवर आलं, की वकिलातीतल्या लोकांना पश्चिमेकडे जाऊ देणार, पण गाड्या पूर्व जर्मनीतूनच न्यायच्या. ड्रेस्डेन, मग फ्रायबर्ग. म्हणजे हिच्याच गावावरून. पहाटे ती रुळांजवळ गेली. आणखीही माणसं होती, एकमेकांपासून दूर दूर उभी. पोलीस म्हणत होते, घरी जा, इथं गाडी थांबत नाही. दोन दिव्यांच्या मधोमध अंधार होता; ती सवयीनं आधी तिथंच उभी राहिली. मग सरकून दिव्याखाली आली आणि तिनं डोक्यावरचा रुमाल काढला. गाडी आली, खिडक्यांतून माणसं ओरडत होती, हात हलत होते, काही चेहरे, काही पोरं. गाडी गेली. आणखी एक आली, तीही गेली. मारित कुठल्या गाडीत होती, झोपली होती की जागी, तिला कळलं नाही.

नोव्हेंबरात बर्लिनची भिंत उघडली. सगळं जग रस्त्यावर नाचलं. ग्लेझर बाई म्हणाल्या, आणखी थोडं थांबली असती पोरं तर काही करावंच लागलं नसतं. त्या चांगल्या मनानं म्हणाल्या. रोझविथानं त्यांना कॉफी ओतली.

डिसेंबरात फ्रीडाला ग्लेझर बाईंवर सोपवून ती पश्चिमेत, कासेलला, मुलाकडे गेली. हेनिंगनं स्टेशनवरच मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. कारोलानं तिची बॅग घेतली. घर लहान होतं, गरम होतं. मारित खोलीत जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. उंच झाली होती. आईनं सांगितल्यावर उठली, पाहुण्यांशी करतात तसा हात मिळवला, आणि परत बसली.

रोझविथा कोटासकट तिच्याशेजारी जमिनीवर बसली. गुडघे कुरकुरले. बाहेर स्वयंपाकघरात हेनिंग आणि कारोला मुद्दाम मोठ्यानं भांडी वाजवत होते.

"मी आधी पोचले होते," मारित म्हणाली. मान वर केली नव्हती. "पुढच्या दाराशी बसले होते. बाबा म्हणाले आत ये, पण मी नाही गेले. रात्री त्यांनी उचलून नेलं. मग सकाळी परत बसले."

रोझविथानं तोंड उघडलं. श्वास गळ्याशी येऊन अडकला. आजीकडे पुढचं वाक्य नाही, हे खोक्यात तिच्या मांडीवर बसून वाढलेल्या त्या पोरीला न बघताच कळलं असावं. तिनं थोडा वेळ वाट पाहिली. मग रंगांच्या डब्यातला निळा रंग काढला आणि आजीकडे न बघता तिच्या बाजूला सरकवला.

"आकाश राहिलंय," ती म्हणाली. "कडेच्या बाहेर नको जाऊस."

रोझविथा कोट न काढताच आकाश रंगवायला लागली.